फायलींची ओळखपरेड

इंग्रजांनी १८७२ साली केलेला पुरावा कायदा १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाला आणि त्याच्या गादीवर भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्या वेळी जी चर्चा झाली ती मुख्यत्वे कायद्यांच्या नव्या नावांची आणि कलमांच्या बदललेल्या क्रमांकांची. अधिनियमाच्या शेवटास जोडलेल्या परिशिष्टाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संगणक, मोबाईल किंवा तत्सम यंत्रातील नोंद न्यायालयापुढे पुरावा म्हणून ठेवावयाची असेल तर कलम ६३ अन्वये एक प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याचा नमुना या परिशिष्टात आहे. त्याचा पहिला भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात चार चौकटी आहेत : शा-१, शा-२५६, एमडी-५ आणि 'अन्य'. यांपैकी एकीवर खूण करून तिच्यापुढे आकड्या-अक्षरांची एक लांबलचक माळ लिहावयाची. तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारा एखादा सज्जन गृहस्थ या चौकटी पाहून बुचकळ्यात पडला तर त्यात नवल नाही. पण यापुढे कोणाची जमीन, कोणाची नोकरी आणि प्रसंगी कोणाचे स्वातंत्र्यही त्या माळेवर अवलंबून राहणार आहे. तेव्हा हे प्रकरण तज्ज्ञांच्या गळ्यात बांधून आपण स्वस्थ बसावे असे नाही.

या माळेला संगणकशास्त्रात 'हॅश' म्हणतात. आम्ही येथे तिला सरळ 'ठसा' म्हणणार आहोत, आणि ते केवळ सोयीसाठी नव्हे. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत ज्या कचेरीने प्रथम रूढ केली ती कलकत्त्याची; १८९७ साली तेथे स्थापन झालेले ठसे-कार्यालय हे जगातील पहिले मानले जाते. श्रेय पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावावर गेले, तरी ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी बसवले होते, ही गोष्ट पुष्कळ उशिरा मान्य झाली. त्या पद्धतीचे मर्म असे की, माणसाचे नाव, वेष, दाढीमिशा काहीही बदलले तरी बोट बदलत नाही. संगणकातील फाईलचेही तसेच आहे. तिचे नाव बदला, तारीख बदला, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात हलवा. आतील मजकूर तोच असेल तर ठसा तोच राहतो.

हा ठसा काढण्याची रीत अशी. फाईल म्हणजे शेवटी शून्य आणि एक यांची लांब रांग. ठरावीक गणिती क्रिया या रांगेवर पुनःपुन्हा करून तिचा एक छोटा, ठरावीक लांबीचा अर्क काढावयाचा. फाईल चार ओळींच्या पत्राची असो की चार तासांच्या चित्रपटाची, शा-२५६ या रीतीने काढलेला अर्क चौसष्ट चिन्हांचाच निघतो. त्या अर्कावरून मूळ फाईल पुन्हा उभी करता येत नाही. आणि मूळ फाईलमध्ये तिळाएवढा फरक पडला तरी सगळा अर्क पालटतो. आपल्याकडच्या एक-चौदाच्या उताऱ्याची संगणकीय प्रत घ्या आणि त्यातील कब्जेदाराच्या नावापुढील एक स्वल्पविराम काढून टाका. दोन प्रती शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण दोन ठशांत काडीचेही साम्य उरणार नाही. अशा किती निरनिराळ्या माळा संभवतात? ती संख्या लिहावयास अठ्ठ्याहत्तर अंक लागतात. दोन भिन्न फायलींचे ठसे योगायोगाने जुळतील ही भीती व्यवहारात बाळगण्याचे कारण नाही. मुद्दाम जुळवण्याची गोष्ट वेगळी. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

या ठशांचा सर्वांत शिस्तशीर उपयोग जर कोठे झाला असेल तर तो अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, गेथर्सबर्ग येथे. तेथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्था ही मूळची १९०१ साली स्थापन झालेली वजनमापांची कचेरी. किलोग्रॅम किती आणि सेकंद किती हे सांगणाऱ्या या संस्थेने चालू शतकाच्या आरंभापासून एक आगळे ग्रंथालय चालवले आहे. त्याचे नाव राष्ट्रीय सॉफ्टवेअर संदर्भ ग्रंथालय. बाजारात विकली जाणारी सॉफ्टवेअरे विकत घ्यावयाची किंवा उत्पादकांकडून देणगी म्हणून मिळवावयाची, खोकी आणि तबकड्या कुलपाच्या खोलीत फडताळांवर मांडून ठेवावयाच्या, त्यांतील प्रत्येक फाईल वेगळी काढून तिचे ठसे घ्यावयाचे, आणि ही यादी दर तीन महिन्यांनी प्रसिद्ध करून कोणालाही फुकट द्यावयाची. यादीतील ठशांची संख्या आज कोट्यवधींत गेली आहे. फायली मात्र कोणाला मिळत नाहीत, कारण त्यांवर उत्पादकांचा हक्क आहे. मिळतो तो फक्त ठसा, फाईलचे नाव आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत होती त्याची नोंद.

खोकी जपून ठेवण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन न्यायालयीन आहे. उद्या उलटतपासणीत वकिलाने विचारले की, अमुक ठसा अमुक सॉफ्टवेअरचाच हे कशावरून, तर फडताळावरचे खोके काढून, त्यातील तबकडी लावून, सर्वांसमक्ष ठसा पुन्हा घेऊन दाखवता आला पाहिजे. "आम्हांस महाजालावर सापडला" हे उत्तर तेथे चालत नाही. वजनमापांच्या कचेरीला हे काम का शोभते ते यावरून ध्यानात येईल : दुकानातील तराजू खरा की खोटा हे ठरवावयास कोठेतरी एक प्रमाण वजन कुलपात असावे लागते. या कुलपातल्या खोलीची एक दुसरी बाजूही आम्हांस मोहक वाटते. स्टीफन कॅब्रिनेटी नावाच्या एका अमेरिकन तरुणाला जुने संगणकीय खेळ गोळा करण्याचे वेड होते. तो १९९५ साली अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. त्याचा हजारो खोक्यांचा संग्रह पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे गेला, आणि विद्यापीठाने या संस्थेच्या साह्याने त्यातील झिजत चाललेल्या तबकड्या उतरवून घेतल्या. गुन्हेगार पकडण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने एका छांदिष्टाचा खजिना वाचवला. आपल्याकडे पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते, पण तेथेही सॉफ्टवेअरचे खोके जपून ठेवावे ही कल्पना अद्याप आपल्या स्वप्नात आलेली नाही.

आता तपासात या यादीचा उपयोग कसा होतो ते पाहू. एखाद्या साध्या संगणकात काही लाख फायली असतात. त्यांपैकी बहुसंख्य फायली मालकाने निर्माण केलेल्या नसतातच. त्या विंडोजच्या, मुद्रकाच्या, खेळांच्या, टंकांच्या, म्हणजे यंत्राबरोबर किंवा सॉफ्टवेअरबरोबर आपसूक आलेल्या. तपासनीस जप्त संगणकाची हुबेहूब प्रत काढतो, मूळ यंत्रावर एक अक्षरही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करून. मग प्रतीतील प्रत्येक फाईलचा ठसा घेऊन तो यादीशी ताडतो. जे ठसे यादीत आहेत ते परिचयाचे. त्यांस बाजूला करता येते. उरलेल्या फायलींत मालकाची पत्रे, हिशेब, छायाचित्रे आणि जे काही लपवलेले असेल ते सापडते. गवताच्या गंजीतून गवत आधी उचलून न्यावे, म्हणजे सुई शोधण्याचे श्रम वाचतात, असा हा प्रकार. उलटही होते. एखाद्याने कूटलेखनाच्या सॉफ्टवेअरला 'लग्नपत्रिका' असे निरागस नाव दिले असले तरी ठसा खरे नाव सांगतो. आणि सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर त्याची दोनचार पिल्ले मागे राहिली असली तर ते कधीकाळी येथे नांदत होते हेही उघडकीस येते. ओळखपरेडीत साक्षीदार पाच-दहा माणसांतून एकावर बोट ठेवतो; येथे लाखोंची परेड काही तासांत उरकते आणि साक्षीदाराला चष्मा लागत नाही.

परंतु येथेच पहिली गफलत होण्याचा संभव आहे. परिचयाचा म्हणजे सज्जन नव्हे. गेथर्सबर्गच्या यादीत कूटलेखनाची, संकेतशब्द फोडण्याची, चित्रात मजकूर दडवण्याची साधनेही आहेत, कारण तीही बाजारात मिळतात. यादी फक्त एवढेच म्हणते की, ही फाईल आम्ही पाहिली आहे आणि ती अमुक खोक्यात होती. ती निरुपद्रवी असल्याचा दाखला ती देत नाही, आणि हे त्या संस्थेने स्वतःच बजावून सांगितलेले आहे. तरीही सोयीसाठी सर्रास 'चांगल्या फायलींची यादी' असा तिचा उल्लेख होतो. उपद्रवी फायलींच्या याद्या निराळ्या असतात. स्पेनमधील मालागा येथे २००४ साली सुरू झालेली आणि पुढे गूगलने विकत घेतलेली व्हायरसटोटल ही सेवा त्यांतील एक प्रसिद्ध. तेथे फाईलचा ठसा दिला की रोगनिदान करणाऱ्या अनेक यंत्रणांचे मत एकदम मिळते.

उत्पादकाकडून आलेली फाईल हीच मुळात विषारी असेल तर? २०२० च्या डिसेंबरात हे जगाच्या निदर्शनास आले. अमेरिकेतील सोलरविंड्स या कंपनीच्या कारखान्यात शिरून हेरांनी तिच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतच आपले कलम लावून ठेवले होते. ती आवृत्ती कंपनीच्या अधिकृत सहीशिक्क्यासह सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत पोहोचू शकली, आणि अमेरिकेची अर्थ व व्यापार खाती त्यात पोळली. ज्या ग्राहकाने काळजीपूर्वक ठसा ताडून पाहिला असता त्याला तो तंतोतंत जुळलेलाच आढळला असता. दूध भरताना गवळ्याच्या कळशीतच पाणी मिसळले असेल तर बाटलीचे सील शाबूत असल्याने काय साधणार? ठसा सांगतो तो वस्तूच्या अखंडतेविषयी. वस्तू बनवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी तो मुका आहे.

मुद्दाम जुळवलेल्या ठशांची गोष्ट आता. एमडी-५ ही रीत रोनाल्ड रिव्हेस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९१ मध्ये रचली. २००४ च्या ऑगस्टात चीनमधील शांडोंग विद्यापीठाच्या प्राध्यापिका वांग श्याओयुन आणि त्यांचे सहकारी यांनी एकच एमडी-५ ठसा असलेल्या दोन भिन्न फायली बनवून दाखवल्या, आणि कॅलिफोर्नियातील परिषदेत भरलेल्या सभागृहाने उभे राहून टाळ्यांचा गजर केला. ज्यांची इमारत कोसळत होती तेच टाळ्या वाजवीत होते. विद्येच्या क्षेत्राची ही रीत राजकारणात आली असती तर काय बहार झाली असती! ही केवळ प्रयोगशाळेतील करामत राहिली नाही. २०१२ साली मध्यपूर्वेत, मुख्यतः इराणात, आढळलेल्या 'फ्लेम' नावाच्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने एमडी-५ च्या याच दौर्बल्याचा लाभ घेऊन मायक्रोसॉफ्टचा दाखला बनावट तयार केला होता. शा-१ या दुसऱ्या रीतीची पाळी २०१७ च्या फेब्रुवारीत आली : अॅमस्टरडॅमची गणित संस्था आणि गूगल यांनी एकच ठसा असलेली दोन भिन्न दस्तपत्रे जगापुढे ठेवली. त्यासाठी ब्याण्णव परार्धांच्या घरातल्या आकडेमोडी कराव्या लागल्या असे म्हणून काहींनी समाधान मानले. पण आकडेमोड दरवर्षी स्वस्त होत जाते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या त्याच मानक संस्थेने जाहीर केले की, ३१ डिसेंबर २०३० पर्यंत शा-१ पूर्णपणे निवृत्त करावी.

याचा अर्थ, एमडी-५ चे ठसे असलेल्या जुन्या याद्या फेकून द्याव्या असा मात्र नाही, आणि या ठिकाणी थोडे सूक्ष्म पाहावयास हवे. एकच ठसा असलेल्या दोन नव्या फायली एकाच माणसाने जुळवून बनवणे शक्य झाले आहे. विंडोजमधील एखाद्या जुन्या, आधीच अस्तित्वात असलेल्या फाईलचा ठसा घेऊन, तोच ठसा येईल अशी दुसरी फाईल बनवणे ही वेगळी आणि कितीतरी अवघड गोष्ट आहे. ती व्यवहारात कोणास साधलेली नाही. माझ्या अंगठ्याशी जुळणारा अंगठा जगात शोधणे एक, आणि परस्परांशी जुळणारे दोन रबरी अंगठे कारखान्यात बनवणे दुसरे. म्हणजे धोका कोठे आहे? जेथे वस्तू बनवणारा, किंवा ठसा घेण्यापूर्वी ती हाती असणारा मनुष्यच अप्रामाणिक असू शकतो तेथे. तो निरुपद्रवी जुळे दाखवून ठसा नोंदवून घेईल आणि मागाहून दुसरे जुळे पुढे करील. परिचित फायली बाजूला सारण्याच्या कामात हा धोका अल्प. न्यायालयात पुरावा म्हणून येणाऱ्या वस्तूच्या बाबतीत मात्र तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण तेथे नेमका हाच संशय निवारावयाचा असतो.

म्हणून आमचा आक्षेप असा की, २०२३ साली संसदेने संमत केलेल्या आणि २०२४ मध्ये अमलात आलेल्या अधिनियमाच्या नमुन्यात एमडी-५ ची चौकट असावयास नको होती. वांगबाईंच्या प्रयोगाला तोवर जवळजवळ दोन दशके लोटली होती. आपल्याच देशात अंकीय सहीच्या व्यवहारातून एमडी-५ आणि शा-१ यांची केव्हाच गच्छंती झालेली आहे. जी वस्तू आयकराचे विवरणपत्र सही करण्यास चालत नाही ती फौजदारी खटल्यात चालावी, यातील तर्क आमच्या तरी आकलनापलीकडचा आहे. तपासयंत्रणांची जुनी उपकरणे एमडी-५ च देतात म्हणून ही सवलत ठेवली असे समर्थन कोणी करील. मग ज्या खटल्यात ती चौकट वापरली जाईल तेथे शा-२५६ चा ठसाही जोडावा, असे त्याच नमुन्यात लिहिण्यास कोणाची हरकत होती? दोन ठसे घेण्यास एका ठशाहून फारसा अधिक वेळ लागत नाही.

तथापि चौकटींचा प्रश्न दुय्यम आहे. ठसा कोणत्या रीतीने घेतला याहून तो केव्हा घेतला, कोणासमक्ष घेतला आणि त्याची प्रत कोणाला दिली हे शतपटींनी महत्त्वाचे. कारण ठसा पुढचे सांगतो, मागचे नाही. सोमवारी ठसा घेतला तर सोमवारपासून फेरफार झालेला नाही एवढेच सिद्ध होते. यंत्र शुक्रवारी जप्त झाले असेल तर मधल्या तीन रात्री ते कोणाच्या टेबलावर होते याचा जबाब ठसा देऊ शकत नाही.

न्यायालये या वाटेने सावकाश आली आहेत. २०१४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज मुदत टळल्यावर घेतला गेला की काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी त्या प्रकरणात निर्वाळा दिला की, संगणकीय नोंदीची मूळ वस्तू न्यायालयापुढे नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आज कलम ६३ च्या नमुन्यात जो काटेकोरपणा दिसतो त्यामागे अशा निकालांचा रेटा आहे. पण प्रमाणपत्र येते ते खटला उभा राहताना. वस्तू घरातून नेली जाते ती कितीतरी आधी.

पुण्याचे एल्गार परिषद प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यातील संगणक पोलिसांनी २०१८ साली ताब्यात घेतले. आरोपींच्या वकिलांच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने एका संगणकाची प्रत तपासली आणि २०२१ साली अहवाल दिला की, नेटवायर या सॉफ्टवेअरच्या द्वारे दूरवरून कोणीतरी त्या संगणकात शिरले होते आणि आक्षेपार्ह पत्रे बाहेरून ठेवण्यात आली होती. तपासयंत्रणेने हे निष्कर्ष फेटाळले. खटल्याच्या गुणदोषांत शिरण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही फक्त एवढे दाखवू इच्छितो की, जप्तीच्या क्षणीचा निर्विवाद ठसा दोन्ही पक्षांच्या हाती असणे ही अशा वादातील पहिली पायरी आहे. ती नसेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्या अधांतरी राहतात. आणि ती असली तरी जप्तीपूर्वी काय घडले याचा उलगडा निराळ्या मार्गाने, म्हणजे परिचित आणि अपरिचित फायलींची छाननी करून, करावा लागतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये दिल्लीत पत्रकारांच्या घरांवर छापे पडले, त्यांचे फोन आणि संगणक नेण्यात आले, आणि ठसे दिले नाहीत अशी तक्रार कित्येकांनी केली. पुढच्याच महिन्यात अशा जप्तीसंबंधीच्या एका याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला मार्गदर्शक नियम करण्यास सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण चित्रफितीत फोन पिशवीत जाताना दिसेल. फोनच्या पोटात काय होते ते दिसणार नाही. ज्यांच्या वाडवडिलांनी सालाझारशाहीच्या झडत्या पाहिल्या त्या गोमंतकीयांना यातील फरक विस्ताराने सांगण्याची जरुरी नाही.

पोलिसांच्या बाजूनेही अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. चालू स्थितीतील मोबाईल क्षणोक्षणी स्वतःत बदल करीत असतो. त्याचा सबंध ठसा दोनदा घेतला तर दोनदा वेगळा येणे अगदी स्वाभाविक आहे. हल्लीच्या संगणकांतील स्मृती-तबकड्या, ज्यांत फिरते चाक नसते, त्या वीज मिळताच पुसलेल्या जागेची झाडलोट आपणहून करतात. म्हणून ठसा यंत्राचा नव्हे, यंत्रातून काढलेल्या प्रतीचा घ्यावा लागतो, आणि प्रत काढण्यास तास न् तास लागतात. रात्रीच्या छाप्यात हवालदाराकडून ही अपेक्षा करणे अन्याय्य होईल. पण यंत्र मोहोरबंद करून, मालकाला किंवा त्याच्या वकिलाला तारीख देऊन, त्याच्या समक्ष प्रयोगशाळेत मोहोर फोडून प्रत काढणे आणि ठशाचा कागद तेथल्या तेथे त्याच्या हाती देणे यात अशक्य असे काय आहे?

ठशांची यादी ही जशी तपासाची सोय आहे तशी ती पाळतीचीही सोय होऊ शकते, हे येथे नमूद केले पाहिजे. पेनसिल्व्हानियातील एका खटल्यात २००८ साली अमेरिकन न्यायालयाने म्हटले की, माणसाच्या संगणकातील सर्व फायलींचे ठसे काढून यादीशी ताडणे ही झडतीच होय, आणि तिला झडतीचे सर्व निर्बंध लागू आहेत. फाईल कोणी 'उघडली' नाही हा सरकारचा बचाव टिकला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अॅपल कंपनीने लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची परिचित चित्रे ग्राहकांच्या फोनमध्येच ठशांवरून हुडकण्याची योजना जाहीर केली. हेतूविषयी दुमत नव्हते. पण आज यादीत ही चित्रे आहेत, उद्या एखाद्या सत्ताधाऱ्याला अप्रिय असलेले व्यंगचित्र किंवा पत्रक तीत घालता येणार नाही कशावरून, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही; डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने ती योजना सोडून दिली. ठशावरून चित्र पुन्हा उभे करता येत नाही, हा जो ठशाचा गुण म्हणून आम्ही वर सांगितला, तोच येथे दोष होतो : नुसती यादी पाहून तिच्यात काय काय घातले आहे हे नागरिकाला कळण्याचा मार्ग नाही. गेथर्सबर्गची यादी याबाबतीत सरस ठरते, ती फडताळावरच्या खोक्यांमुळे.

आता थोडे घरचे. अमेरिकेने स्वतःच्या तपासासाठी, स्वतःच्या बाजारातील माल घेऊन संग्रह केला आणि तो जगाला मोकळा केला, हा तिचा चांगुलपणा. परंतु फडताळावर जे खोके नाही त्यातील फाईल ते ग्रंथालय ओळखू शकत नाही. आपल्या दुकानांतील हिशेब टॅलीवर चालतात. आपली छापखान्यांची मराठी श्रीलिपीसारख्या पुण्यात बनलेल्या सॉफ्टवेअरांवर वाढली. सरकारी कचेऱ्यांसाठी खास बनवलेल्या संगणकप्रणाली तर दुकानात विक्रीस नसतातच. यांच्या प्रत्येक आवृत्तीची प्रमाणित खोकी आणि ठसे ठेवणे हे काम आपल्यासाठी दुसरे कोण करणार? राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाच्या गोव्यातील संकुलाची कोनशिला ऑक्टोबर २०२१ मध्ये धारबांदोड्यास बसवण्यात आली. अशा संस्थेला शोभेल, आणि तुलनेने अल्प खर्चात होईल, असे हे काम आहे. यंत्रे थोडी लागतील. चिकाटी मात्र ग्रंथपालाची लागेल.

त्याचबरोबर आमच्या मनात दुसरी एक यादी आहे. २०२२ साली गोव्यात बनावट दस्तांच्या आधारे जमिनी बळकावल्याची प्रकरणे एकामागून एक बाहेर आली. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही. परदेशी राहणाऱ्या किंवा वारसांवाचून गेलेल्या कुटुंबांच्या पोर्तुगीजकालीन मालमत्तांवर डोळा ठेवून हे उद्योग झाले. जुने दस्त आता संगणकात उतरवले जात आहेत. ज्या दिवशी पानाचे छायाचित्र काढले त्याच दिवशी त्याचा ठसा घेऊन ती यादी वेगळ्या खात्याच्या ताब्यात आणि शक्य तर लोकांपुढेही ठेवली, तर त्यानंतर एखादे पान बदलले किंवा नवे घुसडले गेले तर ते लगेच उघडे पडेल. त्याआधी घुसडलेले पान मात्र ठसा पकडणार नाही. उलट त्यावर संगणकाच्या खरेपणाची मोहोर उमटवील. म्हणून ठसे घेण्यापूर्वी जुनी बाडे डोळ्यांखालून घालणारा, पोर्तुगीज वाचणारा, शाई आणि कागद ओळखणारा माणूस लागेल. अशी माणसे गोव्यात आता किती उरली आहेत ते पुराभिलेख खात्याने मोजावे, आणि त्यांच्या हाताखाली चार तरुण यंदाच नेमावे.

दरम्यान गृहखात्यास एक गोष्ट ताबडतोब करता येईल. जप्त केलेल्या प्रत्येक संगणकाच्या व मोबाईलच्या प्रतीचा ठसा शा-२५६ नेच घ्यावा, तो पंचनाम्यात किंवा त्याच्या जोडपत्रात उतरवावा आणि त्याची सहीशिक्क्याची नक्कल ज्याचे यंत्र नेले त्याला त्याच दिवशी द्यावी, एवढे परिपत्रक काढावयास संसदेकडे जावे लागत नाही. कागद एक लागतो, आणि चौसष्ट चिन्हे अचूक छापून देण्याची तसदी.